सहा तास मागे, सात वर्षं मागे: अदिस अबाबातला पहिला आठवडा

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

मुंबईहून अदिस अबाबाला, इथिओपियाच्या राजधानीला, थेट विमान आहे, साडेपाच-सहा तासांचं. निघण्यापूर्वी पीतज्वराची लस टोचून घ्यायची आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टात जपून ठेवायचं, कारण खरी गरज परतताना पडते. इथून भारतात उतरलं की तिथले आरोग्य अधिकारी ते मागतात आणि नसेल तर विलगीकरणात बसवतात. मी इथल्या एका कॉलेजात एका सत्रासाठी संख्याशास्त्र शिकवायला आले आहे. संभाजीनगरच्या नातेवाइकांनी एकमुखानं सांगितलं होतं, आफ्रिकेत चाललीस, सुती कपडे घे. शहर आहे समुद्रसपाटीपासून सुमारे २३५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही सातशे मीटर उंच. बोले विमानतळाबाहेर आले तेव्हा ऊन लख्ख होतं आणि वारा स्वेटर मागत होता.

विमानतळ शहरातच आहे. गेर्जीतल्या घरी पोचायला फार वेळ लागला नाही, पण तेवढ्यातही दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. एक म्हणजे चिनी विजेच्या मोटारी. खासगी वापराच्या पेट्रोल-डिझेल गाड्या आयात करायला या देशानं २०२४ च्या सुरुवातीला बंदी घातली. त्यामुळे रस्त्यावर एक तर निळ्या-पांढऱ्या जुनाट मिनीबस दिसतात, नाहीतर आवाजच न करणाऱ्या कोऱ्या गाड्या. दुसरी म्हणजे रस्त्यांची डागडुजी. मोठ्या रस्त्यांच्या दोन्ही अंगांना रुंद पदपथ, सायकलींसाठी पट्टे, दिव्यांच्या माळा, आणि त्यामागे इमारतींच्या एकाच राखाडी छटेत रंगवलेल्या दर्शनी भिंती. या कामाला इथे ‘कॉरिडॉर’ म्हणतात आणि हा शब्द उच्चारताना कुणाचा चेहरा खुलतो, कुणाचा मिटतो. कुणाचं घर त्यात गेलं आणि कुणाचं वाचलं यावर ते अवलंबून.

घरमालकीणबाई सत्तरीच्या आसपासच्या. सगळे त्यांना ‘इमामा’ म्हणतात, म्हणून मीही म्हणते. खालच्या मजल्यावर त्या राहतात, वर माझी खोली. त्यांच्या नातवाच्या मदतीनं त्यांनी मला घराचे नियम सांगितले. पाणी रोज नसतं, मंगळवारी आणि शनिवारी येतं, सकाळी एक वाजता. माझा चेहरा बघून त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, “तुमचे सात.”

इथला दिवस उजाडताना सुरू होतो. सूर्य उगवला की शून्य, तासाभरानं एक. दुपारचे बारा म्हणजे सहा, संध्याकाळचे सहा म्हणजे बारा, आणि मग रात्रीचं मोजणं पुन्हा पहिल्यापासून. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे दिवस-रात्रीची लांबी वर्षभर फारशी बदलत नाही, म्हणून हा हिशोब बारा महिने चालतो. विचार केला तर मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना तारीख बदलण्याची आपली पद्धतच जास्त चमत्कारिक आहे. आपल्याकडेही जुन्या पंचांगात दिवस सूर्योदयापासूनच धरतात की.

पंचांगावरून आठवलं. इमामांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आज तिकिम्त महिन्याची १ तारीख आहे आणि साल २०१८. ख्रिस्तजन्माचं वर्ष मोजण्याची इथल्या चर्चची रीत वेगळी, त्यामुळे साल सात-आठ वर्षांनी मागे. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पागुमे नावाचा पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा महिना. नवं वर्ष गेल्याच महिन्यात, ११ सप्टेंबरला लागलं. शके १९४७ आपल्याकडेही चालू आहे, पण ते लग्नपत्रिकेवर आणि सरकारी कागदाच्या कोपऱ्यात. इथे बँकेची पावती, शाळेची फी, माझा भाडेकरार, सगळं तिकिम्त २०१८ मध्ये झालं. करारावर मी खाली कंसात माझी तारीख लिहिली. इमामांनी ती कौतुकानं पाहिली, नातीचं चित्र बघावं तशी.

रविवार, १२ ऑक्टोबर

पहाटे, अजून काळोख असताना, चर्चचा कर्णा सुरू झाला. गीझ भाषेतलं स्तोत्रपठण, लांबवर ओढलेलं, मध्येच थांबणारं. तेवढ्यात दुसऱ्या दिशेनं अजान. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत होते आणि गल्लीतली कुत्री तिसरा सूर लावत होती. ज्याला पहाटेची झोप प्यारी आहे त्यानं या शहरात घर घेताना आधी जवळचं चर्च किती अंतरावर आहे ते बघावं.

सकाळी रस्ते पांढरे झालेले. बायका-पुरुष सगळ्यांच्या खांद्यावर नेतेला, विरळ विणीची पांढरी सुती शाल, काठाला रंगीत नक्षी. मी बोलेच्या मेधाने आलेम कॅथेड्रलपर्यंत गेले. देवळात जाताना पायातलं काढायचं हे मला कुणी सांगावं लागलं नाही, दाराशी चपला-बुटांचा ढीगच होता. पुष्कळ माणसं आत न जाता आवारातच झाडाखाली उभी राहून प्रार्थना करत होती. दाराची चौकट ओठांनी टेकायची, कपाळ लावायचं, मग मागे सरायचं. पुढे आठवडाभर पाहिलं, मिनीबस चर्चवरून गेली की निम्मे प्रवासी बसल्या जागी मान झुकवून छातीवर क्रूस काढतात, गप्पा न थांबवता.

परतताना बूट पुसून घेतले. बूट चमकवणाऱ्या पोरांना इथे ‘लिस्त्रो’ म्हणतात आणि ती प्रत्येक कोपऱ्यावर असतात. कापडी बूटसुद्धा साबणाच्या पाण्यानं ब्रशनं धुऊन देतात. पावसाळा नुकताच संपलाय, गल्ल्यांतून चिखल आहे, पण माणसांचे बूट मात्र स्वच्छ. कपडे साधे असतील, बूट मळके नसतात.

सोमवार, १३ ऑक्टोबर

कॉलेज अरात किलो भागात. गेर्जीहून मेगेनान्यापर्यंत एक मिनीबस, तिथून दुसरी. मेगेनान्या हा मोठा तिठा आहे. वरून २०१५ मध्ये सुरू झालेली चिनी बांधणीची हलकी रेल्वे जाते, खाली बस, मिनीबस, फेरीवाले, मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका. आणि या गदारोळात मी जे पाहिलं त्यानं थक्क झाले. मिनीबससाठी रांग. शंभरेक माणसांची, पदपथावर वळणं घेत गेलेली, सरळ, शांत रांग. कुणी मध्ये घुसत नव्हतं. गाडी आली की पुढची दहा-बारा माणसं चढायची, रांग तितकीच पुढे सरकायची. मुंबईतही बेस्टच्या थांब्यावर अशी रांग असायची असं माझे वडील सांगतात. मी संभाजीनगरात वाढले, मला रांग म्हणजे कोपराचा व्यायाम एवढंच ठाऊक.

मिनीबसचा वाहक म्हणजे ‘वेयाला’. दारातून अर्धा बाहेर लटकून तो ठिकाणाचं नाव इतक्या वेगानं ओरडतो की ‘अरात किलो’ची पाचसहा अक्षरं मिळून एकच गोळा होतो. नोटा बोटांच्या फटींत उभ्या घडी घालून धरलेल्या. तिकीट नाही. उतरायचं असेल तर ‘वोराज आले’ म्हणायचं, म्हणजे उतरणारं कुणीतरी आहे. ‘मला उतरायचंय’ असं नाही, ‘कुणीतरी आहे’! लाजऱ्या माणसांनी घडवलेली भाषा दिसते.

पाट्या वाचता येत नव्हत्या तरी परक्या वाटल्या नाहीत, कारण लिपीचं गणित ओळखीचं आहे. इथल्या अम्हारिक भाषेच्या फिदेल लिपीत ३३ मूळ अक्षरं आणि प्रत्येकाची सात रूपं. स्वर बदलला की अक्षराला शेपूट फुटतं, पाय लांबतो, नाहीतर कडेला गोल येतो. म्हणजे बाराखडीच, फक्त बाराऐवजी सातांची. भिंतीवर लावायचा तक्ता मी लगेच विकत घेतला. बालवाडीतली मुलं वापरतात तोच, हत्ती-सिंहाच्या चित्रांसह.

कॉलेजातल्या सहकारी बाईंबरोबर पहिला अर्धा तास जरा अवघड गेला. मी काही बोलले की त्या एकदम तोंडानं श्वास आत ओढायच्या, दचकल्यासारखा. मी मागे वळून बघायची, काय झालं म्हणून. मग कळलं, तो होकार आहे. इथे ‘हो’ म्हणताना श्वास आत घेतात. फोनवर बोलणारी माणसं दर दोन वाक्यांनी अशी हलकेच दचकत असतात. आणि दुसरा शब्द ‘इशी’. ठीक, बरं, चालेल, बघू, पुरे आता, या सगळ्यांची कामं तो एकटा करतो. संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडातही बसला.

तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत दम लागला. उंचीचा हा परिणाम काही दिवस राहणार म्हणतात.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

हजेरीपट पहिल्या नावाच्या अक्षरानुसार लावलेला, कारण इथे आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, लागलंच तर आजोबांचं. बस्स. प्राध्यापक असो की पंतप्रधान, हाक पहिल्या नावानंच, पुढे पुरुषाला ‘आतो’ आणि लग्न झालेल्या बाईला ‘वायझेरो’ लावायचं. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. बदलायचं म्हटलं तरी कुठे बदलणार, वडील काही बदलत नाहीत. कॉलेजच्या अर्जात तीन रकाने होते: नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. मी ते भरले. नवऱ्याचं नाव आणि आडनाव दोन्हींना जागाच नव्हती. आधार, पॅन, पासपोर्ट आणि बँक यांच्यात माझं नाव एकसारखं करून घेताना मी जे हेलपाटे घातलेत, ते आठवून मला तो अर्ज फार आवडला.

ग्रंथालयात एक वयस्कर गृहस्थ आहेत. मोठ्या माणसाला इथे ‘गाशे’ म्हणतात. मी भारतातली हे कळल्यावर त्यांनी उभं राहून दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्यांना शाळेत गणित शिकवलं ते भारतीय मास्तरांनी. सम्राट हैले सेलासींच्या काळात भारतातून, विशेषतः केरळातून, खूप शिक्षक इथे आले आणि दूरदूरच्या गावांपर्यंत पोचले. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी इथिओपियन माणसांच्या बोलण्यात असा एखादा मास्तर निघतो. गाशेंनी मास्तरांच्या इंग्रजीची नक्कल केली, मल्याळी हेलासकट. नंतर एका जुन्या हिंदी गाण्याची चाल गुणगुणले. शब्द त्यांना कधीच कळले नव्हते.

मग मीही माझ्याकडचं सांगितलं. या मातीतला एक मुलगा सोळाव्या शतकात गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान-बगदाद असा हातोहात फिरत दख्खनला पोचला, अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, जहांगीरच्या फौजांना त्यानं वर्षानुवर्षं दमवलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. मी ज्या शहरात वाढले ते त्यानं १६१० मध्ये खडकी या नावानं वसवलं, आणि त्या कोरड्या जागी नहरी खणून पाणी आणलं. मलिक अंबर. खुलदाबादला त्याची कबर आहे. आम्ही शाळेच्या सहलीत तिथे जायचो आणि डबा खायचो.

गाशेंनी हे नाव ऐकलं नव्हतं. त्यांनी मला ते वहीत फिदेलमध्ये लिहून घ्यायला लावलं, म्हणजे मी उच्चारलं, त्यांनी लिहिलं. मग विचारलं, “पाणी अजून येतं का?” मी म्हटलं, नहरींचे अवशेष आहेत, पाण्याचं मात्र आमच्याकडेही इमामांच्या नळासारखंच आहे. संभाजीनगरकरांना जास्त सांगायला नको.

बुधवार, १५ ऑक्टोबर

शाकाहारी माणसाला या शहरात बुधवार आणि शुक्रवार हे सुखाचे दिवस. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे ते उपवासाचे वार. शिवाय ईस्टरआधीचे ५५ दिवस, नाताळाआधीचे चाळीसेक, ऑगस्टातले पंधरा, असे धरून साध्या भाविकाचेही वर्षातले निम्मे दिवस ‘त्सोम’मध्ये जातात. मांस, अंडी, दूध, लोणी, तूप, सगळं बंद. कडक पाळणारे दुपारपर्यंत पाणीही घेत नाहीत. आपला उपवास म्हणजे धान्य सोडायचं आणि दूध-तुपाची नदी वाहवायची. यांचा बरोबर उलटा: डाळ-भाकरी चालेल, दुधाचा थेंब नको. साबुदाण्याच्या खिचडीवर कपभर दही घेणाऱ्या आपल्या उपवासाला इथे कुणी उपवास म्हणणार नाही, हे मी सहकारी बाईंना सांगितलं आणि त्या खूप हसल्या.

कँटीनमध्ये त्यांनी ‘बेयाइनेतू’ मागवलं. मोठ्या गोल थाळीवर इंजेरा पसरलेला आणि त्यावर भाज्या-आमट्यांचे ढीग: बर्बेरे हा इथला लाल तिखट मसाला घातलेली लालभडक मसुराची डाळ, हळदीची पिवळी वाटाण्याची डाळ, लसणातला हिरवा पाला, कोबी-गाजर-बटाटा, बीट, आणि मधोमध उकळता शिरो. नावावर जाऊ नका, हा गोड नाही. हरभऱ्याचं, कधी वाटाण्याचं, मसाला घालून दळलेलं पीठ पाण्यात शिजवलेलं. म्हणजे पिठलं! मडक्यात रटरटत येतं, तसंच बोट भाजतं. फोडणीत मोहरी नाही आणि कढीपत्ता नाही, एवढी एक तक्रार.

इंजेरा तेफच्या पिठाचा. तेफचा दाणा राजगिऱ्याहूनही बारीक. पीठ कालवून दोन-तीन दिवस आंबवतात, मग ‘मिताद’ नावाच्या रुंद मातीच्या तव्यावर एकाच बाजूनं भाजतात, वर झाकण ठेवून. वरच्या बाजूला जाळी पडते, खालची बाजू गुळगुळीत. आंबटपणा पहिल्या घासाला जोराचा लागतो, चौथ्या घासाला हवासा वाटतो. ताट एकच, सगळ्यांचे उजवे हात त्यात. उष्ट्याखरकट्याचे संस्कार घेऊन आलेल्या माणसाला इथे क्षणभर अडखळायला होतं. मी अडखळले तेवढ्यात बाईंनी इंजेऱ्याच्या तुकड्यात डाळ आणि भाजी गुंडाळून तो घास थेट माझ्या तोंडासमोर धरला. याला ‘गुर्शा’ म्हणतात. नाही म्हणणं उद्धटपणाचं, आणि घास जेवढा मोठा तेवढी माया जास्त. लग्नात उखाणा घेऊन भरवतात, तसं रोज दुपारी कँटीनमध्ये चालतं, सहकारी सहकाऱ्याला, मैत्रीण मैत्रिणीला. एकावर थांबत नाहीत. एकानं भांडण होतं म्हणतात, निदान दोन तरी हवेत.

मराठी शाकाहाऱ्यांसाठी एक सूचना. सोमवार-मंगळवारी हॉटेलात नुसता शिरो मागितला तर त्यात मसाल्याचं लोणी असतं, कधी मांसाचे तुकडेही. ‘येत्सोम’, म्हणजे उपवासाचा, असं स्पष्ट सांगायचं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

दुपारनंतर मोकळीक होती. राष्ट्रीय संग्रहालयात गेले. इथलं मोठं आकर्षण म्हणजे ‘लूसी’, ३२ लाख वर्षांपूर्वीच्या मानवपूर्व मादीचा सांगाडा, १९७४ मध्ये अफार भागातल्या हादारला सापडलेला. इथे तिला ‘दिंकिनेश’ म्हणतात. मांडलेली असते ती प्रतिकृती, खरी हाडं तिजोरीत. आणि सध्या तर तिजोरीतही नाहीत. बाई प्रागला गेल्या आहेत, तिथल्या संग्रहालयात ऑगस्टच्या अखेरीपासून साठ दिवस. मी आले आणि ती गेली.

तिथून पियासा. १९३६ ते ४१ अशी पाच वर्षं इटालियन फौजा या शहरात होत्या. त्यांनी मागे ठेवलं ते हे चौकाचं नाव, माकियातो कॉफी आणि पास्ता. पियासातली जुनी वस्ती २०२४ च्या कॉरिडॉरात बहुतेक पाडली गेली. त्याच वर्षी तिथे आद्वा विजयाचं भव्य स्मारक उघडलं. १ मार्च १८९६ ला सम्राट मेनेलिक आणि सम्राज्ञी तायतू यांच्या सैन्यानं आद्वाला इटलीचा पराभव केला, त्या लढाईचं. आपल्यावर कुणी राज्य केलेलं नाही हे वाक्य इथे तुम्हाला टॅक्सीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कुणाकडूनही ऐकायला मिळतं, आणि ऐकताना दीडशे वर्षं ब्रिटिशांखाली काढलेल्यांच्या मुलीनं गप्प बसावं. मला वाटतं, घड्याळ आणि वर्ष बदलायला कुणी त्यांना भाग पाडलं नाही याचं कारणही याच वाक्यात आहे.

१९५३ पासून चालू असलेल्या तोमोका या कॉफीच्या दुकानात उभ्याउभ्या माकियातो प्यायले. बसायला खुर्च्या नाहीत, उंच टेबलं आहेत. छोट्या पेल्यात दाट कॉफी, वर दुधाचा पातळ थर. सगळेजण आपापल्या पेल्याकडे बघत तीन घोटांत संपवून कामाला जातात.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आज वसुबारस. भारतीय किराणावाल्याकडून बेसन आणलं. महागाईबद्दल तो माझ्याशी हिंदीत आणि गिऱ्हाइकांशी अम्हारिकमध्ये एकाच दमात बोलत होता. जुलै २०२४ मध्ये सरकारनं बिरचा विनिमय दर बाजारावर सोडला. डॉलरला ५७ च्या आसपास असलेला बिर काही दिवसांत शंभरापलीकडे घसरला. मला रुपयांत हिशोब करताना स्वस्त वाटतं, पण बिरमध्ये पगार घेणाऱ्या सहकारी बाई तेफच्या भावाबद्दल बोलू लागल्या की त्यांचा नेहमीचा हसरा चेहरा हरवतो. पैसे मात्र सगळीकडे मोबाइलवरून, ‘तेलेबिर’नं. कणीसवालीसुद्धा नंबर सांगते.

संध्याकाळी वीज गेली. इमामा म्हणाल्या, येईल, आता धरण झालंय. नाईल नदीवरच्या त्या महाकाय धरणाचं उद्घाटन ९ सप्टेंबरलाच झालं, ५१५० मेगावॅटचं. त्यासाठी लोकांनी रोखे घेतले, नोकरदारांनी पगार दिले. इमामांकडेही रोखा आहे, कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत, बायबलखाली. त्यांनी तो मेणबत्तीच्या उजेडात दाखवला. वीज नसताना विजेच्या धरणाचा रोखा बघण्यातला विनोद त्यांच्याही लक्षात आला. आधी त्याच हसल्या.

गॅसवर बेसन भाजून लाडू वळले. खाली घेऊन गेले तर इमामांनी वास घेतला आणि विचारलं, “किबे?” म्हणजे लोणी-तूप. मी हो म्हटलं, श्वास आत ओढून. शुक्रवार ना! डबा झाकून त्यांनी फडताळात ठेवला आणि रविवारी बुनाबरोबर, म्हणजे कॉफीबरोबर, असं ठरवून टाकलं. पातळ पोह्यांचा चिवडा मात्र तेलातला होता. तो त्यांनी आणि नातवानं तिथेच संपवला. शेंगदाणे आधी वेचून.

शनिवार, १८ ऑक्टोबर

मेर्कातो. सहकारी बाईंनी बजावलं होतं: पिशवी पोटावर, फोन घरी, नजर समोर. आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या उघड्या बाजारांपैकी हा एक. याचा आताचा आराखडा इटालियन काळातला. प्रत्येक मालाची वेगळी आळी. एका आळीत जुन्या पिंपांचे, डब्यांचे, टायरांचे अवशेष ठोकून त्यांच्या शेगड्या, चाळण्या, चपला होतात. तिथला ठणठणाट कानात बसतो. डोक्यावर गाद्यांचा मनोरा घेतलेला हमाल मागून ओरडत येतो आणि आपण भिंतीला चिकटायचं. गाढवांना मात्र सगळे वाट देतात.

मसाल्यांच्या आळीत मी दोन तास रमले. पोत्यांमागे बसलेल्या बायका चिमूटभर हातावर ठेवतात, चोळ आणि वास घे म्हणतात. मेथी ओळखली. ओवा ओळखला. कलौंजी ओळखली. कोरेरिमा, इथली मोठी तपकिरी वेलची, नवी होती. आणि मग एका पोत्यात काळे, चकचकीत, लांबट दाणे. कारळं! इथे नूग म्हणतात. कारळ्याचं मूळ घरच इथिओपियाच्या या पठारावर आहे. इथून ते कधीतरी भारतात आलं आणि आपल्या भाकरीशेजारी चटणी होऊन बसलं. इथे त्याची चटणी कुणी करत नाही, तेल काढतात आणि उपवासाच्या दिवशी स्वयंपाकाला तेच वापरतात. मी अर्धा किलो घेतलं. कशाला हवंय म्हणून विचारलं तेव्हा भाजून, लाल तिखट-मीठ-लसूण घालून कुटायचं, असं हातवारे करून सांगितलं. बाई शेजारणीला म्हणाली (सहकारी बाईंनी नंतर भाषांतर केलं), “हिंद लोक सगळ्यात तिखट घालतात.” बर्बेरेच्या लाल डोंगरामागे बसून!

रविवार, १९ ऑक्टोबर

सकाळी एंतोतोचा डोंगर. मेनेलिकची राजधानी आधी तिथे वर होती. थंडी आणि सरपणाची टंचाई, म्हणून १८८६ पासून वस्ती खाली गरम झऱ्यांकडे सरकत गेली आणि हे शहर झालं. खालीही सरपण संपू लागलं तेव्हा ऑस्ट्रेलियातून निलगिरी आणून लावली. तीच आता डोंगरभर आहे. वरच्या बाजूला शहरकरांसाठी नवी बाग, सायकली, कॉफीची दुकानं. त्याच रस्त्यानं पाठीवर स्वतःहून लांब निलगिरीच्या फांद्यांचा भारा घेतलेल्या बायका कमरेत वाकून उतरत होत्या. फोटो काढणाऱ्यांत मी नव्हते.

दुपारी इमामांचा बुना. फरशीवर हिरवं गवत पसरलं. बुटक्या स्टुलावर बसून त्यांनी हिरव्या बिया धुतल्या, निखाऱ्यावरच्या छोट्या तव्यात काळसर होईतो भाजल्या आणि तो धूर प्रत्येकाच्या नाकापाशी फिरवून आणला. धूर हातानं स्वतःकडे ओढून घ्यायचा, आरती घेतो तसा हात. मग कुटल्या, जबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळल्या, शेजारी एतानचा धूप जळत होता. बिनकानाच्या ‘सिनी’ पेल्यांत उंचावरून एकही थेंब न सांडता धार. बरोबर मक्याच्या लाह्या. पहिली फेरी अबोल, दुसरी तोना, तिसरी बेरेका, त्याच भुकटीवर पुन्हा पाणी घालून. पहिली पिऊन उठायचं नसतं. दीड-दोन तास त्यात जातात आणि तेवढ्यात शेजारणी येतात, कुणाचा मुलगा अरबस्तानात आहे, कुणाच्या माहेरी उत्तरेत अजून गोळीबार ऐकू येतो, कुणाला घराची सोडत लागली नाही, हे सगळं बोलून होतं. नातू मला जमेल तेवढं इंग्रजीत सांगत होता. काही ठिकाणी तो थांबला आणि मीही विचारलं नाही.

लाडवांचा डबा निघाला. इमामांनी एक फोडून वास घेतला, खाल्ला, दुसरा उचलला. कशाचे? शिरोच्याच पिठाचे, मसाला न घातलेल्या, असं नातवानं समजावलं. त्यावर त्या तीन शेजारणींशी बराच वेळ बोलल्या. निकाल असा लागला की पदार्थ उत्तम आहे, पण वर्षातले निम्मे दिवस खाता येत नसेल तर काय उपयोग. तुपाऐवजी नूगाचं तेल घालून बघायचं. मेर्कातोतून मी आणलेलं अर्धा किलो त्यांना ठाऊक होतं, आणि तेल त्यांच्याकडे बाटलीभर आहेच. कारळ्याच्या तेलातला बेसन लाडू म्हटल्यावर माझ्या सासूबाई काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. उद्या नरक चतुर्दशी आहे. कॉलेजातून आले की बेसन भाजायला घेणार, इमामा तेल घेऊन वर येणार आहेत, बारा वाजता. माझे सहा.